कमरेचा घेर व आहाराचा हिशेब

कारंजा लाडच्या बाजारांत तूर आणणारा शेतकरी कांट्यावर डोळ्यांत तेल घालून उभा राहतो; स्वतःच्या कमरेस फीत लावण्याचें मात्र त्यास सुचत नाहीं. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत पोंचलेला घेर, चढता रक्तदाब, उपाशीपोटींची वाढलेली साखर, रक्तांतील वाढलेली चरबी व घटलेलें हितकर कोलेस्टेरॉल, यांपैकीं तीन जुळलीं कीं मधुमेह व हृदयविकार दाराशीं आले असें समजावें. सडपातळांनींहि निर्धास्त राहूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं खेड्यांतून आरंभिलेल्या पाहणींत, आपलीं बालकें वजनानें कमी असूनहि त्या मानानें चरबी राखून जन्मतात, असें आढळलें.

आहारतज्ज्ञापाशीं घरचें जेवण जसेंच्या तसें सांगावें: भाकरी किती, महिन्याचें तेल किती, चहा किती वेळां. ज्वारी वाटेल तितकी चालते, हा समज खोटा. तीसहि माप हवें. वरण व पालेभाजी वाढवावी, तीं घरचींच आहेत.

पहिली भेट सर्व घेतात. दुसरी डवरणींत वा वेचणींत बुडते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी तपासणी असतेच. तेव्हां आम्ही सुचवितों कीं मृगापूर्वीं, भाद्रपदांत, मार्गशीर्षांत व फाल्गुनांत भेट ठरवावी. आंकडे उतरले तरी गोळी आपल्या मनानें सोडूं नये. तपासणीचा कागद डॉक्टरांस दाखवावा.