गाडी कधी तापते, त्यावरून दोष ओळखा

• इंजिनाचे नेहमीचे तापमान: साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअस.

• सिग्नलला काटा चढतो, वेग घेतल्यावर उतरतो: रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासा.

• हायवेवर, घाटात तापते: रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप कमजोर.

• कूलंट घटते पण गळती दिसत नाही, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइल दुधाळ: हेड गॅस्केटचा संशय. थंडीत सकाळी क्षणभर निघणारी वाफ यात धरू नये.

• कूलंट व डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण दाबाखाली १२० अंशांपुढे उकळते. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच उकळते कूलंट अंगावर उसळते.