ऑपरेशन दारात उभे असताना : विमा की गाठीचा पैसा?

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या एक वहिनी घरी आल्या. हातात डॉक्टरांची फाईल, सोनोग्राफीचे कागद आणि त्यात घडी करून ठेवलेला विम्याचा कोरा फॉर्म. म्हणाल्या, "ताई, जरा वाचून सांगा. सही करू की नको?"

वहिनींचे वय ४६. वर्षभर अंगावरून फार जात होते. 'बायकांना असतेच' म्हणत त्यांनी दुखणे अंगावर काढले. धुण्याच्या घरी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कुठे तपासणी झाली. गर्भाशयात गाठी आणि हिमोग्लोबीन साडेसात. डॉक्टरांनी सांगितले, आधी रक्त वाढवू, मग दोन-तीन महिन्यांत पिशवी काढावी लागेल. खासगी रुग्णालयाने खर्च सांगितला ९० हजार. घरात शिल्लक होती ४० हजार, आणि तीही मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेली.

अशात ओळखीचा एक एजंट भेटला. त्याने सल्ला दिला, "आज पॉलिसी काढा. फॉर्मवर आजार लिहूच नका. महिनाभराने ऍडमिट व्हा, सगळे कंपनी भरेल."

असा प्रसंग आज कितीतरी घरांत येतो. म्हणून वहिनींना जे सांगितले, ते आपल्या सर्वच वाचक भगिनी-बंधूंसमोर मांडत आहे.

विम्याचे कॅलेंडर वेगळे असते

विमा हा पुढे येऊ शकणाऱ्या संकटासाठी असतो, दारात येऊन उभ्या राहिलेल्या खर्चासाठी नव्हे. नवीन पॉलिसीत अपघात सोडला तर साधारण पहिले ३० दिवस कोणत्याही आजाराचा खर्च मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गर्भाशयाच्या गाठी, गुडघ्याचा सांधा बदलणे अशा आजारांची प्रत्येक पॉलिसीत एक यादी असते. त्यांच्यासाठी बहुधा दोन वर्षे आणि जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी घेण्याआधीच जडलेल्या आजारासाठी पूर्वी चार वर्षांपर्यंत प्रतीक्षा असे. १ एप्रिल २०२४ पासून ती मर्यादा ३६ महिन्यांवर आली आहे.

वहिनींचा हिशेब सरळ होता. समजा घराचा हप्ता वर्षाला १८ हजार. तीन वर्षांचे झाले ५४ हजार, आणि तोवर ऑपरेशन नाहीच. जे शरीर तीन महिने थांबायला तयार नाही, त्याला तीन वर्षे कशी थांबवणार?

गुडघ्यासारखे ऑपरेशन डॉक्टरांच्या मते थांबू शकत असेल, तर विम्याचा विचार करता येतो. पण त्या हिशेबात तीन वर्षांची वेदना, बुडणारी रोजी आणि वयाबरोबर वाढणारा हप्ताही धरला पाहिजे. शिवाय आजार कळल्यावर कंपनी जादा हप्ता मागू शकते किंवा पॉलिसी नाकारूही शकते.

फॉर्मवर खोटे का लिहू नये?

खोटे बोलू नये हे शील तर आहेच, पण व्यवहारही तेच सांगतो. सोनोग्राफीच्या कागदावर तारीख असते. पॉलिसीनंतर दोन महिन्यांत दावा आला की कंपनी जुने कागद तपासते. माहिती दडवल्याचे दिसले की दावा नामंजूर, पॉलिसी रद्द आणि भरलेला हप्ताही गेला. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती दिली नाही या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही, हे खरे. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही मिळत नाही. आणि एजंट तेव्हा सोबत नसतो, फॉर्मवर सही आपली असते.

गाठीचा पैसा कोणता?

स्वतः खर्च करायचा म्हटले की आपल्याकडे तीन वाटा दिसतात : शिल्लक, दागिना आणि कर्ज. क्रमही हाच असावा. शिल्लक मोडली तर व्याज लागत नाही. नोकरदाराला भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी पैसे काढता येतात. बचत गट किंवा पतसंस्थेचे कर्ज सावकारापेक्षा केव्हाही बरे. शेकडा पाच रुपये महिना दराने ५० हजार घेतले, तर वर्षाचे नुसते व्याजच ३० हजार होते. म्हणजे ऑपरेशन एकदा आणि त्याची जखम पुन्हा पुन्हा.

पैसे भरण्यापूर्वी खर्चाचे अंदाजपत्रक लेखी मागावे. खोली, भूल, सर्जन, औषधे, तपासण्या हे सगळे त्यात धरले आहे का, ते विचारावे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचा नियम २०२१ पासून आहे. ऑपरेशन तातडीचे नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे. त्यात भीड कसली?

आधी हे दरवाजे ठोठवा

विमा की स्वतःचा पैसा, असा प्रश्न करण्याआधी तिसरा रस्ता शोधलाच पाहिजे.

एक : महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला जोतीरावांचे नाव मिळाले. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याला भेटावे व आपले ऑपरेशन यादीत आहे का, ते विचारावे. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. ७० वर्षे पूर्ण झालेल्या आजी-आजोबांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेत घेण्याचा निर्णय २०२४ पासून लागू आहे.

दोन : धर्मादाय रुग्णालये. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ खाली येणाऱ्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. इमारत चकचकीत आहे म्हणून विचारायला लाजू नये.

तीन : सरकारी आणि महापालिकेची रुग्णालये. मुंबईचे जे. जे., केईएम, पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी. रांग मोठी, पण तिथले हात तयार.

चार : राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय. हा दरवाजा आपणच विसरतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला हे संरक्षण मिळते आणि त्यात पती-पत्नी, मुले, अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. कामगाराचा वाटा वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के.

मग विमा घ्यायचा कधी?

घरातली माणसे धडधाकट असताना. वहिनींचे ऑपरेशन विम्यात बसत नव्हते, याचा अर्थ विमा वाईट असा नाही. उद्या अपघात झाला, हृदयविकार आला, तर ४० हजारांची शिल्लक एका रात्रीत संपते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. मुलगा-सून नोकरीत असतील तर त्यांच्या कंपनीच्या गटविम्यात आई-वडिलांचे नाव घालता येते का, हे आधी पाहावे. अशा अनेक गटविम्यांत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात.

पॉलिसी घेताना खोलीभाड्याची अट वाचावी. समजा विमा ३ लाखांचा आणि खोलीची मर्यादा रोज ३ हजार. आपण ६ हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही निम्मेच मिळतात. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांत घरातल्या शिकलेल्या मुलीकडून ती वाचून घ्यावी. दावा विनाकारण नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. मग मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही.

वहिनींचे काय झाले?

त्या दिवशी बोलता बोलता मी सहज विचारले, "भाऊंची पगाराची चिठ्ठी आहे का हो?" भाऊ एमआयडीसीत पॅकिंगच्या कामावर, पगार १६ हजार. त्यांनी पाकिटातून घडी मोडून चिठ्ठी काढली. तीत दर महिन्याला १२० रुपयांची कपात होती. भाऊंना वाटत होते, ठेकेदार कसला तरी दंड कापतो! ते १२० रुपये ईएसआयचे होते, सहा वर्षांपासूनचे.

काम लगेच झाले असे नाही. कार्डावर वहिनींचे नाव घालायला आणि दवाखान्याची चिठ्ठी मिळवायला चार खेपा पडल्या, भाऊंची दोन खाडे झाली. पण रक्त वाढवण्याचे उपचार सुरू झाले आणि सातव्या आठवड्यात ईएसआयच्या रुग्णालयात ऑपरेशन झाले. रिक्षाभाडे आणि किरकोळ खर्च सोडला तर ४० हजारांना हात लागला नाही. मुलीचा नर्सिंगला प्रवेश झाला. आता तिघांच्या नावाने एक छोटी पॉलिसी घेतली आहे. फॉर्मवर झालेल्या ऑपरेशनची तारीखसुद्धा वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिली.

वाचकहो, आज संध्याकाळी घरातल्या कमावत्या माणसाची पगाराची चिठ्ठी एकदा उलगडून बघा. आणि घरातली बाई 'काही नाही, जरा थकवा आहे' म्हणाली, तर तिथेच थांबू नका. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.