परक्या भूमीतील पहिले दिवस

धारहून जवळच असलेल्या महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले. वसतिगृहातील अन्न रुचेना, म्हणून लवकरच त्यांनी बिऱ्हाड हलविले. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची आयुष्यभराची मैत्री लाभली. शिवाशिवीवाचून सर्वांच्या पंक्तीस बसण्याचे समाधानही तेथेच मिळाले. परंतु त्या समाधानात ते मागे राहिलेल्यांना विसरले नाहीत. थोड्याच दिवसांत वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहून त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला. आज मालव्यातील आपली मुलेही परदेशी जातात. थंडीची, जेवणाची तक्रार घरी येणारच. तिच्यासोबत घरासाठी एखादा नवा विचारही यावा, एवढीच अपेक्षा.