पितळेवरचं नाव

साकोलीच्या आमच्या घरात पाण्याचा एक जुना पितळी गुंड आहे. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी अम्मीचं नाव कोरलेलं आहे. आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांचा. माझ्या लहानपणी भांड्यावर नाव घालून देणारा कारागीर दुकानातच बसलेला असे. छिन्नी आणि लहानशी हातोडी एवढंच त्याचं भांडवल. कोरण्याआधी तो नाव मोठ्यानं वाचून दाखवी आणि विचारी, "वेलांटी पहिली की दुसरी?"

मागे घराच्या दारावर पाटी लावायची ठरली, तेव्हा मी लेसर यंत्रवाल्याकडे गेलो. हे यंत्र करतं काय? लहानपणी आपण भिंगानं ऊन एकवटून कागद जाळत असू. लेसरचा किरणही तसाच एका बिंदूवर आणला जातो आणि संगणकाच्या हुकमानं तो बिंदू फिरतो. ताकद वाढवली तर वस्तू कापली जाते, कमी ठेवली तर नुसती कोरली जाते.

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी चालवला. पण लाकूड-कागद कापणाऱ्या यंत्रांत बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर असतो. तो १९६४ साली बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनीअरिंगचं शिक्षण पुण्याचं!

आज हे यंत्र किती धंद्यांत शिरलं आहे! लग्नपत्रिकेतली नाजूक जाळी, सुताराच्या प्लायवुडमधली नक्षी, शाळेच्या बक्षिसांवरची अक्षरं ही सगळी त्याचीच कामं. शिक्केवाला अक्षरांभोवतालचं रबर जाळतो आणि उलटी अक्षरं उभी राहतात. कृत्रिम धाग्याचं कापड कापताना कड वितळून बंद होते, मग दोरे निघत नाहीत. पितळेवरून मात्र वायू-लेसरचा किरण बहुतांशी परत फिरतो. धातूसाठी फायबर लेसर लागतो. सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अंक-अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक लेसरनंच कोरतात. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यावर तो सक्तीचा झाला.

जपायलाही हवं. रेक्झिन किंवा पीव्हीसी या यंत्रावर कापू नये, त्यातून विषारी, आम्लारी वायू निघतो. किरण डोळ्यांना घातक. आणि जळणाऱ्या वस्तूजवळून माणसानं हलू नये, हे चुलीपासून चालत आलेलं शहाणपण इथंही लागू आहे.

आता माझ्या पाटीचं काय झालं ते सांगतो. 'खुर्शीद मंझिल' असं कागदावर लिहून दिलं. यंत्रावरच्या पोरानं ते टाइप केलं, बटण दाबलं आणि दोन-चार मिनिटांत सागवानी फळी तयार! पण रफार 'शी'च्या डोक्यावर न चढता पाय मोडका 'र' होऊन बाजूला उभा होता. संगणकाला फाँट नीट कळला नव्हता. पोरगा ओशाळून म्हणाला, "चाचा, मशीननं केलं." मी म्हटलं, "बेटा, मशीननं कोरलं. वाचायचं तू होतास, आणि शेजारी उभा असलेला मीही."

जळलेलं लाकूड परत येत नाही. त्यानं दुसरी फळी घेतली. या खेपेला आम्ही दोघांनी पडद्यावरचं नाव अक्षर-अक्षर वाचलं, मगच बटण दाबलं.

तो जुना कारागीर आता नाही. त्याची छिन्नी यंत्रानं घेतली, हरकत नाही, हातांचे कष्ट वाचले. पण त्याचा तो प्रश्न यंत्र विचारत नाही. म्हणून पाटी असो, शिक्का असो की लेकीच्या लग्नातलं भांडं, बटण दाबण्याआधी तो आपणच विचारायचा: वेलांटी पहिली की दुसरी?