हनुवटीखाली दोन बोटं

शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत झोळी एकतर झाडाला टांगलेली, नाहीतर मायच्या अंगाला बांधलेली. शहरातलं बेबी कॅरिअर म्हणजे तिचीच बकलवाली बहीण.

तान्ह्याची मान लुळी, डोकं जड. हनुवटी छातीला टेकली की मऊ श्वासनलिका दबते, आणि गुदमरणारं बाळ रडतही नाही. पहिले ४ महिने हा धोका जास्त. म्हणून हनुवटीखाली दोन बोटांची जागा, नाक-तोंड उघडं, अन् बाळ इतकं वर की मान झुकवून टाळूचा पापा घेता यावा. मांड्यांना आधार, गुडघे ढुंगणापेक्षा उंच, बेडकासारखे. पाय सरळ लोंबले तर खुब्यावर ताण येतो.

वऱ्हाडी उन्हात दोन अंगांची ऊब एक होते. बाळाची मानगूट चाचपत राहा. फोडणी घालताना मात्र लेकरू आजीकडे.