शिवणीतली माया

अक्षय तृतीया आठ दिवसांवर आली की रायपूरच्या गोल बाजारात रस्त्याच्या कडेला मातीच्या नवरा-नवरीच्या जोड्या दिसू लागतात. डोक्यावर मौर, अंगावर चमकी-कागद, डोळे काळ्या रंगाने ठसठशीत रेखलेले. छत्तीसगडात या सणाला अक्ती म्हणतात आणि या जोडीला पुतरा-पुतरी. गल्लीगल्लीतली मुलं त्या दिवशी त्यांचं लग्न लावतात.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या काकू दरवर्षी ही जोडी आणायला स्वतः जायच्या. त्या कुणाच्या सख्ख्या काकू नव्हत्या, साऱ्या आळीच्या होत्या. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवून त्यांनी घर चालवलं आणि उरलेल्या चिंध्यांतून आमचं बालपण सजवलं. बाजारात त्या ज्या जोडीवर सगळ्यात कमी कागद चिकटवलेला असेल तीच निवडायच्या. कुंभारीण म्हणायची, "नोनी, बने धर, पुतरी के मुड़ी टूट जही." पोरी, नीट धर, पुतरीचं डोकं तुटेल. हे बोलणं आमच्यासाठी असायचं, कारण नवरी घरी नेण्याचा मान मुलींचा. काकू पदराखालून टेप काढून तिथेच नवरीच्या छातीचं माप घ्यायच्या.

वीतभर बाहुलीचं चोळी-लुगडं शिवणं हे माणसाच्या कपड्यापेक्षा अवघड काम आहे, हे मला फार उशिरा कळलं. एवढ्याशा मुंढ्याचा गोल मशीनच्या दाबपट्टीखाली वळत नाही. त्यामुळे काकूंची उषाची पायमशीन लुगड्याच्या काठापुरती चालायची आणि चोळी सगळी हाताने, उलट्या टिपेने. टाका तांदळाच्या कणीएवढा. कापडही बघून घ्यावं लागे. नवं, कांजी असलेलं कापड बाहुलीच्या अंगावर ताठ उभं राहतं, निऱ्या पडत नाहीत. त्यासाठी खूपदा धुतलेलं, मऊ झालेलं जुनेरच हवं. कुणाच्या बारशाचं झबलं, कुणाच्या आजीचं इरकल, कधी चांप्याच्या कोसा रेशमाचा हातभर तुकडा, असं सगळं त्यांच्या पत्र्याच्या डब्यात असायचं. कुठली चिंधी कोणत्या घरची, हे त्या न चुकता सांगायच्या.

मातीची जोडी अक्तीपुरती. बाकी वर्षभर त्या कापडाच्या बाहुल्या करायच्या. जुन्या धोतराच्या दुहेरी कापडावर पेन्सिलीने आकार काढायचा, बारीक टीप घालायची, कुशीत दोन बोटांची फट ठेवायची. मान, काख, अंगठा अशा वळणांवर टिपेपर्यंत कातरे द्यायचे, नाहीतर उलटल्यावर तिथे चुण्या पडतात. मग पेन्सिलीच्या बोथट टोकाने बाहुली उलटवायची. कापूस एकदम कोंबायचा नाही. चिमूट चिमूट, आधी हातापायांच्या टोकांना, मग डोक्यात, शेवटी पोटात. बाहुलीची मान नेहमी आधी लुळी पडते, म्हणून गळ्यातून खराट्याची काडी जायची. केस काळ्या लोकरीचे. डोळे अगदी शेवटी, दोऱ्याने. डोळे भरताना काकू कुणाशी बोलत नसत.

डोळ्यातल्या काळ्या गोलाला आपण बाहुली म्हणतो. हिंदीत त्याला पुतली म्हणतात, आणि पुतली म्हणजेही बाहुलीच. छत्तीसगडी बायकांच्या गळ्यातल्या नाण्यांच्या माळेचं नाव पुतरी, आणि आपल्याकडे पुतळी माळ. मराठी आणि छत्तीसगडी शेजारी राहिल्या की असे धागे आपोआप हाताला लागतात. हा शेजारही जुना आहे. बिंबाजी भोसले 1758 साली रतनपूरला राज्यकारभार पाहू लागले आणि 1854 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे राहिला. पुढे 1956 पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल मिरवतात. रायपुरात पोळ्याला मुलांच्या हातात मातीचा नंदिया बइला येतो आणि मुलींच्या हातात मातीचं जातं-चुली. खेळण्यातून सण शिकवायची रीत दोन्हीकडे सारखीच.

पण अक्तीसारखा मेळ दुसऱ्या कुठल्या सणाला जमत नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला बसवलेली चैत्रगौर अक्षय तृतीयेला उठते, हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस. म्हणजे काकूंच्या माजघरात गौर, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. आणि अंगणात आंब्याच्या डहाळ्यांच्या मांडवात पुतरीचं लग्न. इकडे ओटी भरायला आलेल्या बायका, तिकडे हळद लावून घ्यायला बसलेली नवरी. छत्तीसगडी शेजारणी लग्नाचा एकही विधी सुटू द्यायच्या नाहीत. चुलमाटी आणायची, तेल-हळद चढवायची, भांवर फिरवायचे, आणि मग टिकावन, म्हणजे अहेर. आमच्या बायका त्यांच्या शेजारी बसून मंगलाष्टकं म्हणायच्या. त्याच सकाळी गावोगावी शेतकरी पळसाच्या द्रोणात धान घेऊन ठाकूर देवाकडे जातात आणि शेतीचं नवं वर्ष सुरू होतं. लग्न आणि पेरणी इथे एकाच दिवसाची कामं आहेत.

याच दिवशी छत्तीसगडात खरोखरीच्या अजाण मुलींचीही लग्नं लावली जात आली, हेही लिहायलाच हवं. 1929 चा शारदा कायदा झाला, 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा झाला, तरी अक्ती आली की आजही प्रशासनाला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. काही जणांना म्हणून बाहुलीचं लग्नच नकोसं वाटतं. मला तसं वाटत नाही. काकूंचं स्वतःचं लग्न परकरात असताना झालं होतं. त्यांनी शिवलेल्या नवऱ्या मात्र लग्न झाल्यावर संध्याकाळी फडताळात परत यायच्या आणि मुली अंगणात लंगडी खेळायला जायच्या. त्या मुलींपैकी एकीचं शिक्षण घरच्यांनी थांबवायचं ठरवलं, तेव्हा काकू तिच्या आईकडे गेल्या. "आधी तिची दहावी होऊ दे. लुगडं मी शिवते, घाई नको," एवढंच म्हणाल्या. ती मुलगी पुढे बी. एड. झाली.

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. मशीन त्यांच्या सुनेकडे आहे, चालू आहे. चिंध्यांचा डबा माझ्याकडे आला, आणि त्यात एक चोळी, करंगळीएवढ्या बाह्यांची, हिरव्या खणाची.

या अक्तीला माझ्या नातीने गोल बाजारातून पुतरी आणली. चोळी अंगाला बसेना, छातीशी अर्धं बोट कमी पडली. मातीची माणसं कुंभाराच्या हातून दरवर्षी सारख्या मापाची उतरत नाहीत. काकूंना ते ठाऊक होतं. मी चोळी उलटी करून पाहिली तर दोन्ही कुशींना बोटभर माया सोडलेली होती, वाढत्या वयाच्या मुलीच्या ब्लाउजला सोडतात तशी, आणि कडेने धावदोरा घालून नीट दुमडलेली.

"आजी, फाडू नकोस हं," नात म्हणाली.

मी चष्मा लावून सुईच्या टोकाने एकेक टाका उसवला. बाहेरचा खण उन्हाने पिवळट झाला होता. आतली पट्टी उलगडली तेव्हा ती गर्द हिरवी निघाली, दुकानातून आजच आणल्यासारखी. दोन्ही कुशींना नवी टीप घातली. चोळी बसली, पण अंगावर दोन रेघा उभ्या राहिल्या, जुन्या हिरव्याशेजारी नवा हिरवा. नातीला त्या रेघाच फार आवडल्या. नवरीला मौर बांधून ती मांडवात घेऊन गेली.