घरांतील कुंड्यांसाठीं माती

घरांत, ओटीवर व खिडकीशीं शोभेचीं झाडें कुंड्यांतून ठेवण्याची आवड आतां शहरापुरती राहिलेली नाहीं. निफाड-दिंडोरीकडील शेतकऱ्यांच्या घरांतूनहि मनी प्लँट, सिंगोनियम, नेचे, पाम यांच्या कुंड्या दिसतात. परंतु त्याबरोबर एक चमत्कारिक गोष्टहि नजरेस येते. ज्या गृहस्थाच्या मळ्यांत द्राक्षांचे घड लोंबत असतात, त्याच्याच ओटीवरील रोपटें एक पावसाळा काढीत नाहीं. पाण्याची हयगय नसते, खताचीहि नसते. शोध करूं गेल्यास बहुधा असें आढळतें कीं, आपल्या शेतांतील उत्तमांत उत्तम काळी माती आणून, तींत शेणखत कालवून, कुंडी मोठ्या हौसेनें भरलेली असते. शेतांत जी माती पहिल्या प्रतीची, ती कुंडींत शेवटच्या प्रतीची कां ठरते, हें एकदां समजलें म्हणजे कोणती माती घ्यावी हा प्रश्न बराचसा सुटतो.

शेतांत पाणी दिलें म्हणजे तें मुरत मुरत खालीं जातें. खालीं हातभर, कोठें पुरुषभर माती असते व ती कोरडी माती वरचें पाणी ओढून घेते. त्यामुळें वरच्या थरांतील मोठ्या पोकळ्या रिकाम्या होतात, त्यांत हवा शिरते आणि मुळ्यांना श्वास घेतां येतो. कुंडींतील माती वीतभर खोल. तिच्या तळाशीं भोंक असतें हें खरें. पण भोंकाखालीं पाणी ओढून घेणारी माती नसते, नुसती हवा असते. बारीक पोकळ्यांत धरून ठेवलेलें पाणी हवेंत आपण होऊन पडत नाहीं. म्हणून कुंडीच्या तळचा थर पाण्यानें पूर्ण भरल्याखेरीज एक थेंबहि गळत नाहीं, आणि गळणें थांबल्यावरहि तो थर तसाच चिंब राहतो. याची परीक्षा कोणालाहि घरीं करतां येईल. एक लांबट स्पंज पाण्यांत भिजवून आडवा धरावा. त्याचें गळणें थांबलें कीं तो उभा करावा. पुनः पाणी गळूं लागेल. स्पंज तोच, पोकळ्या त्याच, फक्त उंची वाढली. कुंडी म्हणजे आडवा धरलेला स्पंज समजावा.

यावरून हेंहि ध्यानांत येईल कीं, तळाशीं खापऱ्यांचा व विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची जी चाल आहे तिचा निचऱ्यास उपयोग होत नाहीं. बारीक मातींतील पाणी त्या थरांत सहजासहजीं उतरत नाहीं; चिखलाचा पट्टा मात्र तेवढा वर सरकतो व मुळ्यांची जागा कमी होते. माती वाहून जाऊं नये म्हणून भोंकावर एक खापरी पालथी ठेवली कीं पुरे.

आतां काळ्या मातीचा विचार करूं. आमच्याकडील काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली असून तींत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पुष्कळ असते. ही माती पाण्यानें फुगते व वाळल्यावर आकसते. शेतांत हा गुणच आहे. उन्हाळ्यांत भेगा पडून जमीन आपोआप उलटीपालटी होते व रब्बीस ओल पुरते. कुंडींत मात्र फुगलेल्या मातींत हवेला जागा उरत नाहीं. घरांत ऊन नाहीं, वारा नाहीं, त्यामुळें कुंडी आठ आठ दिवस वाळत नाहीं. मुळ्या गुदमरून कुजतात, पानें पिवळीं पडून लोंबतात, आणि घरधनी झाड तहानलें समजून आणखी तांब्याभर पाणी ओततो. उलट ती कधीं पूर्ण वाळलीच, तर कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलें पाणी कडेनें सरळ निघून जातें व मधला गोळा कोरडाच राहतो. शिवाय या मातींत चुनखडी असली तर लोह मुळ्यांना मिळत नाहीं. अनंत, एक्झोरा यांचीं कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. मातीवर व्हिनेगर टाकून पाहावें. फसफसली तर चुना आहे.

वाळू घालून काळी माती सुधारेल अशी पुष्कळांची समजूत आहे. थोडी वाळू घातल्यास चिकणमाती वाळूच्या कणांमधल्या फटी भरून टाकते, आणि वाळल्यावर कुंडींत वीट तयार होते. वाळू अर्ध्याहून पुष्कळ अधिक घातली तरच कांहीं फरक पडतो. मग मूळ मातीचा आग्रह तरी कशाला धरावा?

नाशिक जिल्ह्यांत जमिनीचे काळी, माळ, कोरळ व बरड असे प्रकार मानतात. कुंडीच्या कामीं आमच्या मतें माळाची तांबूस-भुरी माती किंवा कोरळ जमिनीची भरड माती सर्वांत बरी. ती पाव इंचाच्या चाळणींतून चाळावी, वरचे खडे काढावे आणि अगदीं बारीक धूळहि झटकून टाकावी. नदीकाठचा पोयटा एकटा वापरल्यास बसून घट्ट होतो. मिश्रणांत थोडा चालतो.

निव्वळ माती, मग ती कोणतीहि असो, कुंडीस पुरत नाहीं. इंग्लंडांत पूर्वीं प्रत्येक माळी झाडागणिक निराळें मिश्रण करी व तें गुप्त ठेवी. आमच्याकडील कित्येक जुने माळीहि याला अपवाद नाहींत. जॉन इन्स संस्थेंतील लॉरेन्स व न्यूएल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत प्रयोग करून दाखविलें कीं, बहुतेक झाडांना एकच मिश्रण चालतें: मापानें ७ भाग माती, ३ भाग पीट व २ भाग भरड वाळू. त्यांतली माती ते वाफेनें तापवून निर्जंतुक करीत. पीट म्हणजे थंड देशांतील दलदलींत शतकानुशतकें साठलेलें शेवाळ. तें आमच्याकडे नाहीं, व विकत आणण्याचें कारणहि नाहीं. त्याची जागा नारळाच्या काथ्याचा भुसा उत्तम घेतो. बाजारांत कोकोपीट या नांवानें त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात. पांच किलोंची वीट भिजून साधारण ६० ते ७० लिटर होते. मात्र नारळाचीं सोडणें पुष्कळ ठिकाणीं खाऱ्या पाण्यांत मुरवितात, म्हणून हा भुसा गोड्या पाण्यांत भिजवून दोन-तीनदां पिळून घेतल्याशिवाय वापरूं नये.

दुसरा जिन्नस आमच्या दाराशींच आहे. घोटी-इगतपुरीकडील भाताच्या गिरण्यांतून निघणारें तूस मंद आंचेवर काळें होईपर्यंत जाळावें आणि राख होण्यापूर्वींच पाणी मारून विझवावें. हें काळें तूस हलकें, न कुजणारें व पोकळ असतें. पांढरी राख क्षारयुक्त असल्यामुळें आमच्या चुनखडीच्या मुलखांत ती नको. कच्चें तूसहि नको. तें कुजतांना नत्र खातें, आणि त्यांत राहिलेले दाणे दिवाणखान्यांत भात उगवून दाखवितात.

शेणखताविषयीं शेतकऱ्याचा हात सैल असतो. घरांतील कुंडींत तें चौथाईपेक्षां अधिक नको, आणि पुरतें कुजून मातीसारखा वास येणारेंच हवें. अर्धकच्च्या खतानें मुळ्या भाजतात व घरांत चिलटें होतात. गांडूळखत मिळाल्यास तेंच घ्यावें.

मापासाठीं घमेलें पुरेसें आहे; वजनानें मोजूं नये, कारण ओलाव्यानें वजन बदलतें. मनी प्लँट, सिंगोनियम, पाम अशा पानाच्या झाडांसाठीं माळाची माती ३ घमेलीं, काथ्याचा भुसा ३, काळें तूस २ व गांडूळखत २ घ्यावें. कोरफड, जेड व नागिणीसारख्या जाड पानाच्या झाडांस धुतलेली दोन ते पांच मिलिमीटरची खडीची कच ५, माती ३, तूस १ व खत १. नेच्यांना माती न घालतां भुसा, कुजलेला पाला व थोडा कोळशाचा चुरा दिला तरी चालतें. प्लॅस्टिकच्या कुंडीच्या अंगांतून पाणी उडत नाहीं, म्हणून तिच्यासाठीं तूस एक घमेलें वाढवावें.

मिश्रण साधलें कीं नाहीं हें मोजतां येतें. कुंडीचें भोंक बंद करून तींत किती पाणी मावतें तें पाहावें. मग ती कोरडी करून मिश्रणानें भरावी व पाणी वरपर्यंत येईतों हळूहळू ओतावें. थोड्या वेळानें भोंक उघडून गळलेलें पाणी मापावें. पांच लिटरच्या कुंडींतून पाऊण लिटर गळालें तर शेंकडा १५ हवा आहे, आणि तें चांगलें. पाव लिटरच गळालें तर तूस किंवा कच वाढवावी.

राहिली रोगांची गोष्ट, आणि बागायतदारास हीच सर्वांत महत्त्वाची आहे. डाळिंब, द्राक्ष, टोमॅटो, वांगें यांच्या जुन्या शेतांतील माती कुंडीस घेऊं नये. तींत मुळ्यांवर गांठी करणारे सूत्रकृमी असण्याचा फार संभव. दुसरी माती नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत ती ओली करून वीतभर जाडीनें पसरावी, वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीनें बंद कराव्या आणि चार ते सहा आठवडे तशीच तापूं द्यावी. ही रीत इस्रायलांत काटन यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली, आणि आमच्याकडील उन्हाळा तिला अगदीं अनुकूल आहे.

परंतु शेतांतून घरांत येणाऱ्या मातीपेक्षां घरांतून शेतांत जाणारी माती अधिक घातक. बाहेरच्या रोपवाटिकेंतून शोभेचें झाड येतें, तें मरतें, कुंडी उकिरड्यावर रिकामी होते आणि उकिरडा बागेंत पडतो. तामिळनाडूंत २०१६ च्या सुमारास पेरूवर आढळलेला नवा सूत्रकृमी पुढें रोपांच्या पिशव्यांतील मातीबरोबर दूरवर पसरला. बारा-पंधरा वर्षें उभ्या राहावयाच्या द्राक्षबागेंत असा पाहुणा शिरला तर त्याला घालविणें जवळजवळ अशक्य. म्हणून नवें झाड घरांत घेतांना कुंडी उपडी करून मुळ्या पाहाव्या. कडधान्याच्या मुळ्यांवरील हितकारक गांठी नखानें सहज सुटतात. सूत्रकृमीची गांठ म्हणजे फुगलेली मुळीच असते, ती सुटत नाहीं. अशी गांठ दिसल्यास झाड मुळ्यांसकट जाळावें, माती वर सांगितल्याप्रमाणें तापवावी, आणि कुंडी धुतलेलें पाणीहि बागेच्या पाटाकडे जाऊं देऊं नये.